शिस्त : पलटणीच्या गावातली नेमबाजी

हिंगोलीत नवा माणूस रिक्षात बसला की त्याच्या कानावर पडणारी नावे अशी असतात : पलटण, रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. इथल्या माणसाला ती निव्वळ पत्ते वाटतात. तोफखान्यात तोफ नाही, रिशाल्यात घोडा नाही, आणि पेन्शनपुऱ्यात राहणाऱ्या बहुतेकांना कसली पेन्शनही नाही. पण एकेकाळी ही नावे अक्षरशः खरी होती. पायदळ राहायचे ती पलटण, घोडदळ राहायचे तो रिसाला, आणि बंदूक खाली ठेवलेले म्हातारे शिपाई राहायचे तो पेन्शनपुरा. १८१९ ते १९०३ अशी चौऱ्याऐंशी वर्षे हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी ती फौज. शिपाई हिंदूही होते, मुसलमानही होते. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यात जो करार झाला, त्यात वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेले आणि कंटिन्जंट पुढच्या वर्षी हिंदुस्थानी लष्करात मिसळून टाकले. छावणी उठली, नावे राहिली. आज शहरात गणवेशातली माणसे दिसतात ती राज्य राखीव पोलीस दलाच्या गट क्रमांक १२ ची.

एवढी बंदुकीची नावे अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या गावात, आपल्या एखाद्या घरातल्या मुलाने किंवा मुलीने ‘मला रायफल शूटिंग खेळायचंय’ म्हटले की घर गप्प होते. क्रिकेट म्हटले तर होत नाही. कबड्डी म्हटले तरी होत नाही. शाळेत शिकवताना हे गप्प होणे मी बरेचदा पाहिले आहे. ‘आपले लोक मागासलेले’ असे म्हणून ते उडवून लावणे सोपे आहे, पण ते खरे नाही. या गप्प बसण्याला इतिहास आहे, आणि तो थोडा उलगडून पाहिला पाहिजे.

सुरुवात छावणीच्या आधीपासून करू. जानेवारी १८१९ मध्ये हदगावच्या बाजूला नाव्ह्याच्या गढीला निजाम आणि कंपनी यांच्या फौजेने वेढा घातला. गढी होती नोवसाजी नाईकांची, हटकर समाजातल्या बंडखोर पुढाऱ्याची. आणि गढीच्या आत त्यांच्या बाजूने लढणारे मुख्यतः अरब शिपाई होते. म्हणजे तटाच्या आत एक हटकर नाईक आणि त्याचे अरब, तटाबाहेर निजामाचे नि कंपनीचे हिंदू-मुसलमान शिपाई. आज गावागावांत इतिहासाच्या ज्या सोप्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांच्यात ही लढाई कुठेच बसत नाही. इंग्रजांनी या लढाईचा मान आपल्या पलटणींच्या निशाणांवर लिहिला. आपण ती विसरलो.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जाते. बंदूक अरबीतून आली, तोफ तुर्कीतून, तिरंदाज फारसीतून. तोफेतून गोळा टाकणारा तो गोलंदाज, हाही फारसीच, आणि मराठीत तो आता क्रिकेटच्या मैदानावर चेंडू टाकतो. ‘नेमबाज’ या शब्दात नेम मराठी आणि बाज फारसी आहे. पण सगळ्यांत गमतीचा शब्द आहे ‘शिस्त’. शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला हा शब्द मुळात बंदुकीचा आहे. उर्दूत ‘शिस्त बांधना’ म्हणजे नेम धरणे. जुन्या मराठीतही शिस्त म्हणजे आधी नेम, सरळ रोख, आणि मग त्यावरून व्यवस्था, वळण. एनसीसीच्या फायरिंगला गेलेल्या मुलांना हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण तिथले उस्ताद आजही ‘शिस्त ले’ असाच हुकूम देतात. मराठीचा तास संपवून गेलेला मुलगा तिथे त्याच शब्दाचा दोनशे वर्षांपूर्वीचा अर्थ ऐकून येतो.

तर मग ही शिस्त आपल्या हातून सुटली कधी?

ब्रिटिश हिंदुस्थानापुरते उत्तर स्पष्ट आहे. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रांचा कायदा आला. हिंदी माणसाला शस्त्र बाळगायला परवाना, आणि युरोपियन नि अँग्लो-इंडियन लोकांना त्यातून सूट. त्याच काळात गोऱ्यांच्या स्वयंसेवक पलटणी होत्या. चाकरीवरून सुटल्यावर कारकून, रेल्वेचे ड्रायव्हर, चहामळ्याचे मालक तिथे रायफलचा सराव करत, स्पर्धा भरवत. नेमबाजीचा क्लब ही गोष्ट या देशात अशी आली. दाराशी वंश विचारला जात होता. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले, टिळकांच्या काळच्या वर्तमानपत्रांनी त्यावर झोड उठवली. १९१८ मध्ये खेड्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात खुद्द गांधीजींनी, एका सबंध राष्ट्राचे शस्त्र काढून घेणारा कायदा म्हणून त्याची गणना इंग्रजांच्या सर्वांत वाईट कृत्यांत केली. अहिंसेच्या माणसाने असे म्हणावे याचे आज नवल वाटते, पण ‘हातात असून न उगारणे’ आणि ‘हातातच नसणे’ यांतला फरक त्यांना कळत होता. पहिल्या महायुद्धानंतर नियमांतला वंशाचा भेद निघाला. परवाना राहिला. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या आधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क हेही एक कलम होते.

आमचा मुलूख निजामाचा, तिथे हा कायदा थेट लागू नव्हता. पण म्हणून रयतेला बंदूक मिळत होती असे नाही. इथे बंदूक होती ती जहागीरदाराची, शिकारीची. महबूब अली खानांच्या वाघांच्या शिकारी आणि हवेत उडवलेल्या नाण्यावर लावलेला नेम, या गोष्टी जुन्या हैदराबादी घरांत अजून रंगवून सांगतात. साध्या शेतकऱ्याचा, विणकराचा, बागवानाचा या बंदुकीशी संबंध काय? हाका करण्यापुरता.

आणि मग १९४८.

यावर आपल्याकडे दोन घरांत दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात, आणि दोन्ही खऱ्या असतात. कासिम रझवीच्या रझाकारांच्या हातातली बंदूक मराठवाड्यातल्या हिंदू गावांनी पाहिली. लुटालूट, जाळपोळ, खून पाहिले. ते नाकारणारा माणूस इतिहास लिहीत नसतो. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस अॅक्शन झाली, निजामाने शरणागती दिली, मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशी मुसलमान माणसेही मोठ्या संख्येने मारली गेली. पंडित नेहरूंच्या सरकारनेच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीला पाठवले. त्यांच्या अहवालात मृतांचा आकडा किमान २७ ते ४० हजारांच्या दरम्यान धरला आहे, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर आमच्या शेजारचा नांदेड आहे. तो अहवाल कितीतरी दशके लोकांसमोर आला नाही.

त्या वर्षी बंदुकीच्या कोणत्या टोकाला आपण होतो यावर घराची आठवण ठरली. पण मुसलमान घरांपुरते बोलायचे तर, आजीने नातवाला दिलेला धडा एकच होता : या वस्तूजवळ जायचे नाही. नाव काढायचे नाही. दिवाळीतले खेळण्यातले पिस्तूलसुद्धा काही घरांत आवडत नसे. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत आणि त्यानंतर वर्तमानपत्रांत जे येत गेले त्याने हा धडा पुसला नाही, गडद केला.

आता त्याच १९४८ सालातली दुसरी गोष्ट. त्या वर्षी एनसीसीचा कायदा झाला आणि १५ जुलैपासून शाळा-कॉलेजांतल्या मुलांची पथके उभी राहू लागली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभागही आला. पॉइंट टू-टू रायफलचा सराव हा या प्रशिक्षणाचा भाग. जी गोष्ट परवान्यावाचून मिळत नव्हती, ती सरकारी उस्तादाच्या देखरेखीखाली सरकारी शाळेतल्या मुलाच्या हातात आली. जात, धर्म, जहागिरी न विचारता. माझ्या मते या देशात नेमबाजीचे दार सामान्य घरांना उघडले ते इथे. क्लबांनी नंतर उघडले.

क्लबांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे, कारण तिच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. घराणे मूळ रत्नागिरीकडच्या मावळंग्याचे, वकिली अहमदाबादेत, आणि खेड्याच्या सत्याग्रहात गांधीजींचे सहकारी. गांधीजींच्या माणसाने रायफलवाल्यांची संघटना उभी करावी हा विरोधाभास वाटतो, पण १९१८ चे ते पत्रक आठवले की वाटत नाही. राष्ट्रीय स्पर्धेला जाण्यासाठी मुलांना आजही जी पात्रता स्पर्धा खेळावी लागते, तिला मावळंकरांचेच नाव आहे. पोरे तिला नुसते ‘मावळंकर’ म्हणतात. ‘मी मावळंकर खेळलो’ असे म्हणणाऱ्या कितीजणांना तो माणूस कोण हे माहीत असेल, देव जाणे.

१८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याच्या तेराव्या कलमात ज्या मोजक्या कारणांसाठी परवाना द्यावा असे म्हटले आहे, त्यांत पिकाचे रक्षण आहे, स्वसंरक्षण आहे, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाचा नेमबाजीचा सराव हेही आहे. पुढे ०.१७७ इंची, ठरावीक ताकदीच्या आतल्या एअर रायफलला परवानाच लागणार नाही अशी सूट मिळाली. ही मर्यादा सध्या २० जूल आहे. दहा मीटरच्या खेळात हीच रायफल वापरतात. कायद्याच्या पुस्तकातला हा बारीक बदल आहे, पण वाचकांनी तो लक्षात ठेवावा, कारण पालकांची पहिली भीती ‘पोलिसांत नाव जाईल’ हीच असते.

तरीही बराच काळ हा खेळ वरच्या लोकांचाच राहिला. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंह पाच ऑलिंपिक खेळले, १९६२ मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. मोठा खेळाडू, यात शंका नाही. पण महाराजा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि महाराजांच्या बंदुका भिंतीवर गेल्या. मैदानात दुसरी माणसे येऊ लागली. महाराष्ट्रापुरते पाहा : अंजली वेदपाठक-भागवत आणि सुमा शिरूर, दोघी मुंबईत एनसीसीतून आल्या. अंजली २००० मध्ये सिडनीला आणि सुमा २००४ मध्ये अथेन्सला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, त्याच शहरातल्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतले. आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक जिंकणारा स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शाळामास्तरांचा मुलगा. वडिलांनी त्याला २००९ मध्ये सरकारी क्रीडा प्रबोधिनीत घातले, तिथे खेळ निवडायची वेळ आली तेव्हा त्याने नेमबाजी निवडली. पुढे रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी. शिक्षकाच्या पगारात हा खेळ म्हणजे काय ओढाताण असते ते मला वेगळे सांगायला नको.

मी स्वतः पहिल्यांदा एअर रायफल खांद्याला लावली ती चाळिशी उलटल्यावर, शाळेतल्या मुलांना घेऊन एका शहरातल्या क्लबात गेलो तेव्हा. तिथे मोठा आवाज असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ग्रंथालयासारखी शांतता. मधूनच ‘टक्’ असा आवाज, छर्रा कागदातून गेल्याचा. लक्ष्य दहा मीटरवर, आणि मधला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्यापेक्षा नऊ पट रुंद. मुख्य स्पर्धेत असे साठ बार, सव्वा तासात, आणि एका बाराला जास्तीत जास्त १०.९ गुण. रायफल साडेपाच किलोपर्यंत जड असू शकते. ती हातांच्या जोरावर पेलायची नसते. डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचे आणि वजन हाडांतून जमिनीत सोडायचे. श्वास अर्धा सोडून थांबवायचा, आणि सात-आठ सेकंदांत बार गेला नाही तर रायफल खाली घ्यायची, कारण मग डोळा थकतो आणि खोटे दाखवू लागतो. तिथला प्रशिक्षक मुलांना सर्वांत जास्त वेळा जे वाक्य सांगत होता ते होते ‘खाली घे, परत उचल’. नळी कायम लक्ष्याच्या दिशेने, सांगितल्याशिवाय छर्रा भरायचा नाही, कुणी पुढे गेले की सगळ्यांच्या रायफली खाली. पहिले पंधरा दिवस तर नुसते उभे राहणे. रायफल मिळते ती त्यानंतर.

माझ्याबरोबरच्या एका मुलीला हे फार जमले. आठवीतली, अंगाने बारीक, वर्गात कधी तोंड न उघडणारी. प्रशिक्षकाने सांगितले, हिला पाठवा. घरी गेलो. वडील चहा घेऊन बसले, म्हणाले, “सर, पोरगी अच्छा खेलती बोलते, हमना बी खुशी हय. पर एक बात, फोटू नक्को.” त्यांना हिजाबची चिंता नव्हती, पैशांचीही त्यांनी नंतर काढली. त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते असे : ओढणीतल्या मुलीच्या हातात रायफल, कुणीतरी फोटो काढला, व्हॉट्सअॅपवर टाकला, खाली कुणीतरी भलतेच काही लिहिले. मी काय बोलणार? कोल्हापूरच्या मुलीच्या वडिलांना ही काळजी करावी लागली नसेल. ती भीती खोटी आहे असे मी त्यांना म्हणालो नाही. एवढेच म्हणालो की क्लबच्या रजिस्टरात नाव असते, ओळखपत्र असते, रायफल क्लबातून बाहेर येत नाही, आणि लपूनछपून केलेली गोष्ट फोटोला जेवढी भिते तेवढी उघडपणे केलेली भीत नाही. त्यांनी दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांत मी तिला काही नावे लिहून दिली. खुर्ज्याचे मैराज अहमद खान : २०१६ मध्ये रिओला स्कीट प्रकारात ऑलिंपिकला गेलेले पहिले भारतीय, आणि २०२२ मध्ये शेहेचाळिसाव्या वर्षी चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण. मेरठकडचा शहजर रिझवी : २०१८ च्या विश्वचषकात एअर पिस्तूलचे सुवर्ण, तेही विश्वविक्रमासह. इराणची इलाहे अहमदी, डोक्याला रुमाल बांधून २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत. त्याच स्पर्धेत मलेशियाची नूर सुरयानी तैबी आठ महिन्यांची गरोदर असताना खेळली. इराणचाच जवाद फरोगी, पेशाने नर्स, टोकियोत एक्केचाळिसाव्या वर्षी सुवर्ण. इराणच्या लष्करी दलाशी असलेल्या संबंधांवरून त्याच्यावर टीकाही झाली, हेही तिला सांगितले. मुलांना अर्धी गोष्ट सांगू नये. तिने यातले एकही नाव ऐकलेले नव्हते. स्वप्निलचे ऐकले होते.

मशिदीत भेटलेल्या एका बुजुर्गांनी उलट बाजूने विचारले, हे शरीअतीत बसते का? त्यांना मी हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांची आठवण करून दिली, ज्यांची ओळखच तिरंदाज म्हणून आहे. नेमबाजीच्या सरावाला हदीसमध्ये उत्तेजन आहे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. ते हसले आणि म्हणाले, मग खर्चाचे बघा.

खर्चाचे खरेच बघावे लागते. परदेशी बनावटीची मॅच रायफल लाखांच्या घरात जाते, शिवाय जाकीट, बूट, छर्रे. पण सुरुवात तिथून करायची नसते. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात, आणि त्यांत साध्या साइटच्या, म्हणजे ‘ओपन साइट’ एअर रायफलचा वेगळा प्रकार असतो. ती रायफल क्लबची चालते, दोघा-तिघांत एक चालते. सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना महाराष्ट्रात पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. आपल्या मुलांच्या पालकांना यातले काहीच कुणी सांगत नाही, आणि शाळांच्या नोटीस बोर्डावरचा क्रीडा कार्यालयाचा कागद कबड्डी-खोखोच्या पुढे कुणी वाचत नाही.

मुलीचे वडील तिसऱ्या दिवशी शाळेत आले. संमतिपत्रावर उर्दूत सही केली आणि खाली मराठीत नाव लिहिले. फोटोचे काय, असे मी विचारले. म्हणाले, ओळखपत्रावर लागतोच ना, तो लावा.

ज्यांना चौकशी करायची आहे त्यांनी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून सुरू करावी. क्लब राज्य संघटनेशी संलग्न आहे ना, हे आधी विचारावे, नाहीतर पुढे ‘मावळंकर’ खेळता येत नाही. जन्मदाखला, आधार, शाळेचे बोनाफाईड आणि पालकांची संमती एवढे कागद बरोबर ठेवावेत. फटाक्यांच्या दुकानातली किंवा ऑनलाइन मिळणारी रायफल कुणी घरी आणू नये, घर ही सरावाची जागा नाही. आणि पहिल्या दिवशी सपाट तळव्याचे बूट घालून जावे.